उन्हाने त्वचा म्हातारी कशी होते?

‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असे घरातली मोठी माणसे ऐकवतात. केसांपुरते ते बरोबर आहे. केस पिकतात ते वयाने आणि आनुवंशिकतेने. त्वचेची गोष्ट मात्र निराळी आहे. ती वयाने पिकते तशी उन्हानेही पिकते, आणि कित्येकदा उन्हाने जास्त.

याची खात्री घरच्या घरी करून घेता येते. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीने आपल्या दंडाची आतली, काखेजवळची त्वचा पाहावी आणि लगेच मनगटाच्या वरची, हाताची बाहेरची बाजू पाहावी. आतली त्वचा मऊ, एकसारख्या रंगाची, जवळजवळ तरुण वाटते. बाहेरची कोरडी, खरखरीत, गडद आणि ठिपकेदार असते. दोन्हींचे वय एकच आहे. फरक आहे तो फक्त वर्षानुवर्षे पडलेल्या उन्हाचा. ‘माझा मूळ रंगच असा आहे’ म्हणणाऱ्या रुग्णांना मी हे नेहमी करून दाखवते. मूळ रंग कोणता, ते दंडाची आतली बाजू सांगते.

वयाचे वार्धक्य आणि उन्हाचे वार्धक्य

वयाने त्वचा पातळ होते, थोडी सैल पडते, बारीक सुरकुत्या येतात, कोरडेपणा वाढतो. हे सर्वांगावर होते आणि सावकाश होते. उन्हाने येणारे वार्धक्य उघड्या भागांवरच दिसते: चेहरा, मानेची मागची बाजू, गळ्याचा इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा उघडा भाग, हातांची बाहेरची बाजू. तिथे त्वचा पातळ न होता अनेकदा जाड आणि राठ होते, सुरकुत्या खोल जातात, रंग एकसारखा राहत नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाची मान मागून पाहिली, तर तिथे एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेषांची जाळी दिसते, उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीसारखी. हनुवटीच्या सावलीत राहणारा गळ्याचा वरचा भाग मात्र त्याच माणसाचा तुलनेने नितळ असतो.

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या गृहस्थांनी २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवला होता. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू, म्हणजे तिकडच्या गाड्यांमध्ये खिडकीकडे असणारी बाजू, जाड, लोंबती आणि खोल सुरकुत्यांची झाली होती. उजवी बाजू वयाला शोभेल इतपतच होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे चालकाची उजवी बाजू आणि खिडकीवर टेकलेला उजवा कोपर जास्त रापतो. खिडकीची काच बंद असली तरी हे घडते, कारण ऊन भाजणारे किरण काच अडवते, पण त्वचा म्हातारी करणारे किरण तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात.

किरण त्वचेत काय करतात?

जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. यूव्हीबी हे किरण प्रमाणाने थोडे, साधारण पाच टक्के, पण तीव्र. ते मुख्यतः त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात, त्वचा लाल करतात, भाजतात आणि पेशींच्या डीएनएला थेट इजा करतात. उरलेले जवळपास पंचाण्णव टक्के यूव्हीए. यांनी त्वचा सहसा भाजत नाही, म्हणून ते जाणवत नाहीत. पण ते खोलवर, आतल्या थरापर्यंत जातात. सकाळी, संध्याकाळी, ढगाळ हवेत आणि काचेमागेही ते असतात.

या आतल्या थरात त्वचेचा सांगाडा आहे. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्या तिला बळकटी देतात आणि इलॅस्टिनचे तंतू लवचिकपणा देतात. चिमटीत धरून सोडलेली त्वचा पटकन जागेवर येते ती इलॅस्टिनमुळे. अतिनील किरण पडले की पेशी काही विकरे सोडतात आणि ती कोलॅजेनच्या दोऱ्या तोडतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले, की त्वचा लालही होणार नाही इतक्या थोड्या उन्हानेसुद्धा ही विकरे काही तासांत वाढतात. त्वचा नंतर दुरुस्ती करते, पण ती पूर्वीसारखी सफाईदार नसते. जुन्या गोधडीला ठिगळ लावावे तसे होते. एका ठिगळाने काही दिसत नाही. तीस वर्षे रोज एक पडत गेले, की ते सुरकुती म्हणून वर येते. इलॅस्टिनचे याहून विचित्र होते: ते कमी न होता वेडेवाकडे, गुंतलेल्या गोळ्यांसारखे साचते. उन्हाने रापलेली जुनी त्वचा जाड असूनही सैल का असते, याचे उत्तर यात आहे.

उन्हातून घरात आलो म्हणजे इजा थांबली, असेही नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असे आढळले, की यूव्हीए किरणांनी उत्तेजित झालेल्या रंगद्रव्यामुळे, म्हणजे मेलॅनिनमुळे, डीएनएला होणारी इजा अंधारातही पुढे काही तास चालू राहते. आपण ज्याला ढाल समजतो ते मेलॅनिन रक्षण करते हे खरे, पण ती ढाल निर्दोष नाही.

सावळ्या त्वचेत हे वेगळे दिसते

समाजमाध्यमांवर ‘चेहऱ्यावरचे ८० टक्के वार्धक्य उन्हामुळे’ हे वाक्य सारखे फिरत असते. तो आकडा फ्रान्समधील २९८ गोऱ्या स्त्रियांच्या अभ्यासातून आलेला आहे. तो उचलून जसाच्या तसा आपल्याला लावणे चूक. बहुतेक भारतीयांची त्वचा फिट्झपॅट्रिकच्या सहा प्रकारांपैकी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. तिच्यात मेलॅनिन जास्त असते आणि ते किरणांचा मोठा वाटा वरच्या वरच अडवते. म्हणून आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा दहा-पंधरा वर्षे उशिरा दिसतात आणि उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग खूप कमी आढळतात.

पण याचा अर्थ ऊन आपल्याला माफ करते असा नाही. आपल्या त्वचेत इजेची पहिली खूण सुरकुती नसते, रंग असतो. गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर पसरणारे वांग, कपाळावरचा आणि कानशिलांवरचा गडदपणा, पूर्वीच्या मुरुमांचे न जाणारे डाग, हातांवरचे ठिपके, गालांवर वाढत जाणारे काळे बारीक मस. वांगाला गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता ही कारणेही असतात, मात्र ते टिकवून धरण्याचे काम ऊन करते. शिवाय सावळ्या त्वचेत अतिनील किरणांच्या जोडीला सूर्याचा साधा, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो, विशेषतः त्यातला निळा भाग. गोऱ्या त्वचेत तो परिणाम जवळजवळ होत नाही. (मोबाइलच्या पडद्याच्या निळ्या प्रकाशाची मात्र या बाबतीत भीती नको. सूर्याच्या तुलनेत तो नगण्य आहे.)

आपली त्वचा सहसा भाजून लाल होत नाही, फक्त काळवंडते, म्हणून आपण तिला इजा समजतच नाही. ‘थोडी काळी पडले, होईल बरी’ एवढ्यावर विषय संपतो, किंवा मग गोरे होण्याच्या उपायांकडे वळतो. खरे नुकसान तिथून सुरू होते.

रंग उजळवण्याच्या नादात

माझ्याकडे वांग घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींनी त्याआधी मैत्रिणीने सुचवलेली किंवा औषधाच्या दुकानातून आणलेली ‘उजळवणारी’ ट्यूब लावलेली असते. अशा अनेक ट्यूबांमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टिरॉइड एकत्र असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरते हे मिश्रण उपयोगी पडते. पण त्याने पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, आणि थांबवले की डाग पुन्हा उमटतात. मग ती ट्यूब वर्षानुवर्षे क्रीमसारखी लावली जाते. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते, मुरूम आणि लव वाढते. चेहरा उन्हात गेला की चरचरतो आणि ट्यूब बंद केली की आग होते. म्हणजे उन्हाने जी वीस वर्षांत केली असती ती नासाडी दोन वर्षांत होते, आणि पातळ झालेली त्वचा उन्हाला आणखी बळी पडते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरी ती सहज मिळतात. ट्यूबवरच्या घटकांत ‘-सोन’ किंवा ‘-सॉल’ असा शेवट असलेले नाव दिसले, उदाहरणार्थ मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, तर आधी विचारा. आणि आधीच बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका. ती कशी कमी करायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील.

घरगुती उपायांत लिंबू सर्वांत त्रासदायक. लिंबाच्या रसात व सालीत असे पदार्थ असतात, जे त्वचेवर असताना ऊन लागले तर रासायनिक भाजल्यासारखी इजा होते. आधी आग, कधी फोड, आणि नंतर महिनोन्‌महिने टिकणारे तपकिरी ओघळ. डाग घालवायला लावलेले लिंबू स्वतःच डाग पाडते. डाळीचे पीठ किंवा मसूर चोळून चोळून लावण्यानेही तेच होते, फक्त सावकाश. सावळ्या त्वचेला घासणे सोसत नाही. जिथे दाह होतो तिथे ती रंग साचवते.

आणि काळे दिसते ते सगळे उन्हाचे नसते. मानेवर मळासारखा, मखमली जाडसर काळेपणा असेल आणि घासूनही निघत नसेल, तर तो बहुधा शरीरातील इन्सुलिनचे काम बिघडल्याचे लक्षण असतो. तिथे सनस्क्रीन नव्हे, साखरेची तपासणी आणि वजन हा मुद्दा असतो. कपाळाच्या कडेला व कानांपुढे राखाडी-तपकिरी छटा आली असेल तर केसांच्या काळ्या रंगाची ॲलर्जी शोधावी लागते. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर आणि गळ्यावर खाजणारी जाड काळपट त्वचा दिसली तर बांधावरचे गाजर गवत आठवावे. सांधेदुखी, रक्तदाब वा मुरुमांसाठीची काही औषधे (पिरॉक्सिकॅम, हायड्रोक्लोरोथायझाइड, डॉक्सिसायक्लिन) त्वचेला उन्हाबद्दल हळवी करतात. नवीन गोळी सुरू झाल्यावर ऊन सोसेनासे झाले तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी परस्पर थांबवू नका.

बचाव: आधी सावली आणि कापड, मग क्रीम

उन्हाचा चटका आणि अतिनील किरण यांचे वेळापत्रक एक नाही. उकाडा दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, अतिनील किरण मात्र साडेबाराच्या आसपास. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसत असेल तर किरण तीव्र आहेत, एवढी खूण पुरे. मे महिन्याच्या मध्यास पुण्या-मुंबईत भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली काही क्षण नाहीशी होते. त्या दिवसांत अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सर्वोच्च पायरी आहे. डिसेंबरातही आपल्याकडची दुपार निरुपद्रवी नसते. थंड हवेच्या ठिकाणी तर फसगत ठरलेली, कारण उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वरला गार वाऱ्यात दिवसभर फिरून आलेले लोक ‘ऊन लागलेच नव्हते’ म्हणत काळवंडून परततात.

शेतात, बांधकामावर, रस्त्यावर काम करणाऱ्याला दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा, हा सल्ला मी देत नाही. तो परवडत नाही आणि घामात टिकतही नाही. तिथे डोक्यावरून कानांपर्यंत येणारे उपरणे किंवा पदर, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, रुंद काठाची टोपी हेच खरे संरक्षण. कापड डोळ्यांसमोर धरून पाहा. आरपार प्रकाश भरपूर येत असेल तर किरणही येतील. झिरझिरीत पांढऱ्या सुती कापडापेक्षा गडद, दाट विणीचे कापड जास्त किरण अडवते, आणि सुती कापड घामाने भिजले की त्याचे संरक्षण घटते. पुण्यात दुचाकीवरच्या मुली स्कार्फ आणि सनकोट घालतात म्हणून त्यांची बरीच थट्टा होते. वैद्यकीयदृष्ट्या त्या अगदी योग्य करतात.

सनस्क्रीन घ्यायचेच असेल तर तीन गोष्टी पाहा. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असावा. हा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनचे संरक्षण सांगतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवतो, त्यामुळे १०० च्या मागे पैसे घालवण्यात अर्थ नाही. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए+++’ अशी खूण असावी. आणि वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित तपकिरी छटेचे सनस्क्रीन निवडा. दिसणारा प्रकाश साध्या सनस्क्रीनने अडत नाही, त्या छटेने अडतो.

सगळ्यांत मोठी चूक प्रमाणाची. प्रयोगशाळेत एसपीएफ ठरवताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर देतात. माणसे लावतात त्याच्या निम्मे, कधी पाव. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीची एकेक रेघ काढा, तेवढे चेहरा आणि मानेला लागते. या हिशेबाने रोज एकदा लावल्यास ५० ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपायला हवी. तुमची दिवाळीत आणलेली ट्यूब होळीला शिल्लक असेल, तर ‘सनस्क्रीनने काही उपयोग होत नाही’ या तक्रारीचे कारण तेच आहे. बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा लावावे. दिवसभर खिडकीपासून दूर बसणाऱ्याला तेवढी गरज नाही.

नियमितपणाने फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावी ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर झालेल्या अभ्यासात, साडेचार वर्षे रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी आढळल्या. ते लोक मुख्यतः गोरे होते, त्यामुळे आकडा आपल्याला तंतोतंत लागू होणार नाही. पण मध्यम वयात सुरुवात करूनही फायदा होतो, एवढे त्यातून नक्की कळते.

ड जीवनसत्त्वाचे काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि रास्त आहे. ड जीवनसत्त्व त्वचेत यूव्हीबी किरणांनीच तयार होते. पण त्यासाठी चेहरा लागत नाही. हात, पाय, पाठ यांचे क्षेत्रफळ कितीतरी मोठे आहे. चेहरा-मान झाकून हातापायांवर थोडा वेळ ऊन घ्यावे. काचेआड बसून घेतलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. फक्त यूव्हीए पदरात पडतात. ज्यांच्या रक्तात ते फार कमी आहे, त्यांनी उन्हात जास्त बसून भरपाई करू पाहण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणे सोपे.

झालेले नुकसान भरून येते का?

काही प्रमाणात येते. वाढते नुकसान थांबवले, की त्वचा स्वतःची थोडी डागडुजी करते. म्हणून उन्हापासून संरक्षण हाच उपचाराचा पहिला भाग असतो. तो वगळून केलेली कोणतीही महागडी प्रक्रिया वांगावर टिकत नाही. ट्रेटिनॉइनसारखी अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषधे रात्री लावल्यास कोलॅजेन पुन्हा तयार होण्यास मदत होते. त्यांना चार-सहा महिने द्यावे लागतात, सुरुवातीला त्वचा सोलवटते, आणि गर्भवतींनी ती वापरायची नसतात. वांगासाठी ॲझेलाइक ॲसिड, निवडक रुग्णांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड असे पर्याय आहेत. लेझर आणि पीलबाबत सावळ्या त्वचेने सावध राहावे. उष्णतेने व दाहाने डाग आणखी गडद होण्याचा धोका असतो, आणि लग्न तोंडावर आले म्हणून घाईने करून घेतलेले लेझर मी बऱ्याचदा निस्तरत बसते.

लवकर दाखवावे असे

चेहऱ्यावरची जखम किंवा खपली महिनाभरात भरली नाही, पुन:पुन्हा रक्त येते. चेहऱ्यावर चकचकीत काळसर गाठ हळूहळू वाढते आहे. आपल्याकडे उन्हाशी संबंधित त्वचेचा कर्करोग अनेकदा असा तिळासारखा काळा दिसतो आणि तीळ समजून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. खालच्या ओठावर पांढरट, खरखरीत, न जाणारा पट्टा आला आहे. तंबाखू खाणाऱ्याने तर हे अंगावर काढूच नये. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींनी वर्षातून एकदा तरी सर्व त्वचा तपासून घ्यावी, कारण त्यांच्यापाशी मेलॅनिनची ढालच नाही. आणि तळपायावर नवा किंवा आकार-रंग बदलणारा काळा डाग दिसला तर तोही दाखवा. भारतीयांत मेलानोमा हा कर्करोग पुष्कळदा तळव्यावर होतो. त्याचा उन्हाशी संबंध नाही, पण त्वचा तपासायला आलेल्या रुग्णाला मी पायातले मोजे काढायला सांगते ते याचसाठी.